काचेच्या घरातला शेजार

माशांची टाकी घरात यावी हा हट्ट मुलांचा असतो आणि तिचे पाणी बदलण्याचे काम महिन्याभरात आईच्या वाट्याला येते, हे आता बहुतेक घरांनी मान्य केले आहे. वार्षिक परीक्षा संपते, दिलेला शब्द पाळावा लागतो आणि एका रविवारी सगळे कुटुंब दुकानात जाऊन उभे राहते. दोन फुटी टाकी, पंप, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडे, झाकण उघडमीट करणारा खजिन्याचा पेटारा, हे सारे घेऊन झाले की मग मुख्य खरेदी. धाकटीला सोनेरी गोल्डफिश हवेत, थोरल्याला 'शार्क' हवा. आईला एंजलची ऐटबाज चाल आवडते. वडील म्हणतात, ते निळे-लाल चमकणारे बारके निऑनही चार घेऊ. पट्ट्यांचे टायगर बार्ब स्वस्त आहेत म्हणून तेही. शेवटी दुकानदार स्वत:हून एक काळा, खरबरीत 'सकर' पिशवीत टाकतो आणि म्हणतो, "काच साफ ठेवेल, ताई."

पहिल्या संध्याकाळी टीव्ही बंद राहतो. तिसऱ्या दिवशी धाकटी मोजते तर चार निऑनचे तीन झालेले असतात आणि मेलेला मासा कुठेच सापडत नाही. एंजलच्या लांब झालरी कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. दुसऱ्या आठवड्यात एक गोल्डफिश पोट वर करून तरंगतो. मग घरात चर्चा सुरू होते. पाणी बाधले, खाणे जास्त झाले, पाहुण्यांपैकी कुणाची तरी नजर लागली. दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, तिच्याबरोबर नवे मासे येतात, त्यांचीही तीच गत होते. दिवाळीच्या साफसफाईत टाकी माळ्यावर चढते, ती कायमची.

या टाकीतल्या बहुतेक माशांना रोग झालेलाच नसतो. त्यांना शेजार चुकीचा मिळालेला असतो. गोल्डफिश हा मूळचा चीनचा, गार पाण्यातला. निऑन आणि एंजल दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. टायगर बार्ब आग्नेय आशियातला आणि थोरल्याचा तो 'शार्क' मेकाँग नदीचा. चार ठिकाणच्या पाण्यातले, चार स्वभावांचे जीव पंचेचाळीस लिटर पाण्यात कोंडले, तर त्यांचे जमावे तरी कसे? चाळीतल्या खोलीत भांडण झाले तर माणूस निदान गॅलरीत जाऊन उभा राहतो. माशाला ती सोय नाही.

दुकानात दिसते ते बालपण

दुकानाच्या टाकीत सगळे मासे सारख्याच आकाराचे दिसतात, याचे कारण साधे आहे. ती सगळी पिल्ले असतात. आपल्याकडच्या शोभेच्या माशांचा मोठा भाग चेन्नईतल्या कोळत्तूर भागातून आणि बंगालमधल्या तलावांमधून येतो. कोळत्तूरला तर गल्लोगल्ली माशांचा व्यवसाय चालतो आणि कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर भरणारी रविवारची हाट देशभरच्या हौशी मंडळींना ठाऊक आहे. तिथून निघणारा माल बोटाच्या पेराएवढा असतो, कारण लहान मासा प्लास्टिकच्या पिशवीत जास्त संख्येने मावतो आणि प्रवासही सोसतो. तो मोठेपणी केवढा होईल, हे पिशवीवर लिहिलेले नसते.

थोरल्याच्या 'शार्क'चेच पाहा. खऱ्या शार्कशी त्याचा काही संबंध नाही. हा पंगास. आंध्र प्रदेशात त्याची मोठ्या प्रमाणावर शेती होते आणि हॉटेलात 'बासा' म्हणून जो पांढराशुभ्र, बिनकाट्याचा तुकडा ताटात येतो, तो बहुधा याचाच असतो. पूर्ण वाढला की तो मीटरभराहून लांब होतो. शिवाय स्वभाव कमालीचा भित्रा. दिवा लावला, दार आपटले की घाबरून काचेवर थडकतो आणि नाक फोडून घेतो. असा मासा दोन फुटी टाकीसाठी विकावा हेच खरे तर नवल आहे, पण तो विकला जातो आणि खपतोही, कारण नावात 'शार्क' आहे.

काच साफ करणारा सकर दुकानात करंगळीएवढा असतो. पुढे तो दीड फुटांपर्यंत जातो. लहानपणी शेवाळ खातो हे खरे, पण मोठा झाल्यावर काचेवरच्या हिरव्या थराने त्याचे पोट भरत नाही. मग रात्री दिवा मालवल्यावर तो सुस्त गोल्डफिशच्या किंवा चपट्या एंजलच्या अंगाला चिकटतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर ओरपतो. तो थर म्हणजे माशाचे कवच. ते गेले की जखम होते, जखमेवर बुरशी येते आणि सकाळी घरातले लोक म्हणतात, "काल तर चांगला होता!" शिवाय सकर इतकी घाण करतो की सफाई कामगार म्हणून त्याची नेमणूक करणे हा मोठाच विनोद ठरतो.

'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' असे दुकानात हमखास ऐकायला मिळते. यात अर्धे सत्य आहे आणि ते क्रूर आहे. अपुऱ्या, घाण पाण्यात मासा खुरटतो, पाठीत वाकतो आणि त्याचे आयुष्य घटते. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. आपल्या घरात तो दोन वर्षे टिकला तर आपण त्याचे कौतुक करतो.

पाणी कोणते, ते आधी पाहा

मासे निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नको, नळाच्या पाण्याचा हवा. पाणी जड आहे की मऊ, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गृहिणीला ते आधीच माहीत असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तर पाणी जड. बोअरवेलचे पाणी सहसा असेच असते. मोठ्या तलावांतून येणारे मुंबईसारख्या शहराचे पाणी त्या मानाने मऊ.

जड पाण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्ले घालणारे मासे अशाच पाण्यात खुलतात. यातला गप्पी तर मराठी घरांना टाकीबाहेरूनच परिचयाचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून पालिकेची माणसे विहिरीत, हौदात जे 'गप्पी मासे' सोडतात, ते याच जातीचे. ट्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ मध्ये या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि त्यांचे आडनाव त्याला कायमचे चिकटले. शेपटीचे रंगीत पंखे नंतर माणसाने निवडून-निवडून पैदा केले.

निऑन, डिस्कस, रासबोरा यांचे मूळ घर मऊ, किंचित आंबट पाण्याचे. आता यांतले बरेच मासे मत्स्यशेतीत जन्मलेले असल्याने ते थोडेफार जुळवून घेतात, पण 'जुळवून घेणे' आणि 'सुखात असणे' यांत फरक आहे. जड पाण्यात निऑन फिका पडतो. मऊ पाण्यात मॉली अंग आक्रसून जागच्या जागी थरथरत राहतो. एकाला मानवेल असे पाणी केले की दुसरा कुढणार, म्हणून हे दोन गट एका टाकीत घालू नयेत.

तापमानाचेही तसेच. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस पाणी लागते, गोल्डफिशला वीस-बावीस अंशांच्या आसपास बरे वाटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोल्डफिश जगतो, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि या माशाची भूक व घाण दोन्ही दांडगी. वीज गेली, पंप बंद पडला की सगळ्यांत आधी पृष्ठभागावर येऊन तोंडाने 'हा हा' करतो तो हाच. नागपूरच्या मे महिन्यात टाकीवर छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ टाकू नये, एकदम झालेला बदल उष्म्यापेक्षा वाईट.

पाणी किती, याचा हिशेब मुलांनाच करू द्यावा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणावी आणि हजाराने भागावे, की लिटर निघतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले ३०, साधारण ५४ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता हाती उरते पंचेचाळीस. 'चार लिटरला एक इंच मासा' असा एक जुना ठोकताळा आहे. तो दीड-दोन इंची माशांपुरता ठीक. पण मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने सुमारे आठपट होतो आणि खाणे, श्वास, घाण ही सारी वजनाच्या मागे जातात. एक इंचाचे दहा गप्पी आणि दहा इंचांचा एक ऑस्कर यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे दहा उंदीर आणि एक मांजर सारखेच धरणे.

आता फेंगशुईचे. आठ केशरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश टाकीत ठेवले की घरात लक्ष्मी नांदते, अशी समजूत गेल्या काही दशकांत शहरी घरांत रुजली. श्रद्धेबद्दल कुणी काय बोलावे? पण वाढलेले नऊ गोल्डफिश पंचेचाळीस लिटरमध्ये मावत नाहीत. त्यांना याच्या पाच-सहापट पाणी हवे. त्यातही तो एकुलता काळा मासा सहसा 'ब्लॅक मूर' असतो. त्याचे डोळे बटबटीत पण नजर मंद, पोट गोल, चाल डुलत-डुलत. बाकीचे आठ जर लांब, चपळ कॉमेट जातीचे असतील, तर दाणे त्याच्या तोंडाशी येईपर्यंत उरतच नाहीत आणि तो उपाशी मरतो. नऊच ठेवायचे तर सगळे गोलमटोल जातीचे ठेवावेत आणि टाकी मोठी घ्यावी.

तोंडात मावेल तो घास

पाणी जमले, माप जमले, की मग स्वभाव. इथे एक समजूत काढून टाकावी लागते, की एकाच नदीतले मासे गुण्यागोविंदाने राहतील. निऑन आणि एंजल दोघेही अॅमेझॉनकडचे, पाणीही त्यांना सारखेच मानवते. पण एंजल वाढून तळहाताएवढा होतो, निऑन जेमतेम दीड इंच राहतो आणि लांबट असल्यामुळे सहज गिळला जातो. धाकटीचा चौथा निऑन गेला तो तिथेच. एंजलवर राग धरण्यात अर्थ नाही, तो त्याचा नेहमीचा आहार. नियम एवढाच की ज्याच्या तोंडात जो मावेल, त्याला त्याच्याबरोबर ठेवू नये. आणि तोंडाचे माप आजचे धरायचे नसते, वर्षानंतरचे धरायचे असते. ऑस्करच्या बाबतीत हा नियम विसरणारी घरे महिन्याला नवे मासे विकत घेतात आणि नकळत त्याला जेवू घालतात.

काही मासे खात नाहीत, नुसते छळतात. टायगर बार्ब हा वर्गातला वात्रट मुलगा. दोन-तीनच आणले तर तो दिवसभर दुसऱ्यांच्या लांब शेपट्या आणि पर कुरतडत फिरतो. एंजल, गप्पी, फायटर यांच्या झालरी म्हणजे त्याला चिडवून बोलावणेच. गंमत अशी, की याच्यावरचा उपाय टायगर बार्ब कमी करणे नसून वाढवणे हा आहे. तीन फुटी टाकीत आठ-दहांचा घोळका असला की त्यांचा मानापमान आपापसांत चालतो आणि इतरांना उसंत मिळते. तरीही झालरवाले शेजारी नकोतच.

फायटरचे नाव सगळ्यांना माहीत असते, तरी एका टाकीत दोन नर सोडण्याचा मोह मुलांना होतोच. दोघांपैकी एक फाटून जाईपर्यंत ते थांबत नाहीत. टाकीला आरसा लावला तर हा मासा स्वत:च्याच प्रतिबिंबावर कल्ले फुलवून धावून जातो. रंगीत शेपटीचा गप्पी नर त्याला प्रतिस्पर्धीच वाटतो. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानात त्याला बाटलीत ठेवतात. याचा अर्थ तो बाटलीत राहावा असा नव्हे. वीस-पंचवीस लिटरची स्वतंत्र टाकी आणि थोडी झाडे दिली की एकटा फायटर अख्ख्या घराचे मन रमवतो.

'किसिंग गुरामी'ची जोडी नवविवाहितांना भेट द्यायची पद्धतही काही ठिकाणी दिसते. ओठाला ओठ लावून ते जे करतात ती बहुतेक वेळा ताकदीची कुस्ती असते. भेट देणाऱ्यांना हे सांगू नये, पण घेणाऱ्यांना माहीत असलेले बरे! 'रेड टेल शार्क' हा आणखी एक नावापुरता शार्क. तो तळाचा एक कोपरा आपला मानतो आणि तिथे फिरकणाऱ्या प्रत्येकाला पिटाळतो, विशेषत: आपल्यासारख्या दिसणाऱ्याला. असा एकच ठेवावा. कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न तर माणसाने संकर करून घडवलेला, त्याला एकट्यालाच ठेवायचे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे निळे-पिवळे सिक्लिड जड पाण्यात छान राहतात, पण ती भांडकुदळ बिरादरी. त्यांची टाकी वेगळीच हवी.

नर-मादीचे प्रमाणही पाहावे. फक्त रंगीत म्हणून गप्पीचे दोन नर आणि एक मादी आणली, तर ते तिला क्षणभर स्वस्थ बसू देत नाहीत आणि ती खंगून मरते. एका नराला दोन-तीन माद्या असाव्यात. मात्र माद्या आणताना एवढे लक्षात ठेवावे, की गप्पीची मादी एकदा संग झाल्यावर नराशिवायही काही महिने पिल्ले घालत राहते, साधारण दर चार आठवड्यांनी. शेजारीपाजारी वाटून वाटून थकायला होते. हा प्रश्न नको असेल तर नुसते नर ठेवले तरी चालतात, फक्त ते दोन नकोत, सहा-सात असू द्यावेत.

वरचा मजला, खालचा मजला

टाकीतले मासे एकाच उंचीवर राहत नाहीत. झेब्रा डॅनियो वरच्या थरात सुळसुळतात, टेट्रा आणि रासबोरा मध्यावर, कॉरिडोरस तळाशी वाळू हुंगत फिरतात. निवड करताना प्रत्येक मजल्यावर कुणीतरी राहील असे पाहिले, तर तीच टाकी भरलेली दिसते आणि गर्दीही होत नाही. कॉरिडोरसबद्दल एक गैरसमज आहे, की त्याला वेगळे खाणे लागत नाही, तो इतरांचे उष्टे खातो. उष्ट्यावर तो उपाशीच राहतो. त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर टाकाव्यात. तो एकटा उदास होतो, पाच-सहा हवेत. तळाला धारदार रंगीत खडी असेल तर त्याच्या मिशा झिजतात, म्हणून बारीक वाळू बरी.

'प्रत्येक जातीचा एकेक नमुना' ही हौस सोडलेली चांगली. मुलांना वाटते त्यात मजा जास्त. प्रत्यक्षात घोळक्याने राहणारा मासा एकटा पडला की कोपऱ्यात लपतो, रंग टाकतो, नाहीतर चिडखोर होतो. आठ-दहा एकसारखे निऑन एका वळणावर वळतात, तेव्हा जे दिसते ते आठ वेगवेगळ्या माशांत कधी दिसत नाही. जड पाण्याच्या घरात दोन फुटी टाकीसाठी एक प्लॅटी नर, तीन माद्या आणि पाच-सहा गप्पी नर पुरेत. मऊ पाणी असेल आणि अडीच फुटांची, ऐंशी-पंच्याऐंशी लिटरची टाकी परवडत असेल, तर मध्यावर आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाशी पाच कॉरिडोरस आणि झाडांच्या आडोशाला हनी गुरामीची जोडी. हा शेजार सहसा बिघडत नाही.

यातला हनी गुरामी परदेशी नाही, बरे का! तो बंगाल-आसामकडचा. त्याचे भाऊबंद तिथे 'खोलिशा' म्हणून कालवणातही जातात. झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब, हनी गुरामी, डुवार्फ गुरामी आणि आरपार दिसणारा ग्लासफिश या पाचही माशांची शास्त्रीय नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ मध्येच झाली आहे. झेब्रा डॅनियो आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वाढवला जातो आणि आपल्याकडे तो दुकानातल्या स्वस्त माशांच्या टाकीत दुर्लक्षित पोहत असतो. तीन फुटी टाकीत आठ झेब्रा आणि सहा रोझी बार्ब ठेवून पाहावेत. दिल्ली-लखनौच्या थंडीत निऑनला हीटर लागतो, तिथे हे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त तग धरतात. ग्लासफिशवर निळ्या-गुलाबी रेषा दिसल्या तर तो घेऊ नये. तो रंग सुईने टोचून भरलेला असतो.

पश्चिम घाटाचे दोन मासे मात्र विचार करूनच घ्यावेत. लाल रेघेचा 'मिस केरळ', म्हणजे डेनिसन बार्ब, दिसायला अप्रतिम. १८६५ मध्ये त्याचे नामकरण झाले ते तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांच्या नावावरून. त्याला वाहते, गार पाणी, चार फुटांची टाकी आणि सोबतीला पाच-सहा भाऊबंद लागतात. शिवाय केरळ-कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांत राहणारा हा मासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे, तेव्हा मत्स्यशेतीत जन्मलेलाच मागावा. दुसरा केरळचाच वाटाण्याएवढा पफर. एक इंचाचा, गोल डोळ्यांचा, पाहताक्षणी उचलून घ्यावासा वाटणारा आणि शेजाऱ्यांचे पर तोडण्यात पटाईत. त्याला वेगळेच ठेवावे.

घाई नको

नव्या टाकीत पहिल्याच दिवशी पंधरा मासे सोडले तर शेजार कितीही चांगला असो, ते टिकत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर झेब्रा किंवा प्लॅटीसारखे तीन-चार काटक मासेच ठेवावेत, मग दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे वाढवावेत. शांत मासे आधी, दांडगट नंतर. आधी आलेला दांडगट अख्खी टाकी आपल्या नावावर करून बसतो. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, तेही बादलीत रात्रभर ठेवून क्लोरीन उडू दिलेले. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर महिन्याभराची जीवाणूंची वस्ती एका धारेत वाहून जाते.

नवा मासा आला की पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, टाकीतले पाणी थोडे थोडे तिच्यात घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. दुकानातले पाणी टाकीत ओतू नये. त्या वेळी दगड आणि झाडे इकडची तिकडे हलवली, तर जुन्या माशांच्या हद्दी पुसल्या जातात आणि नव्याला बसायला जागा मिळते. त्या रात्री दिवा बंद ठेवावा.

एवढे करूनही एखाद्याचे जमत नाही. तो कोपऱ्यात दबून राहतो, पर मिटून घेतो, खायला वर येत नाही, किंवा उलट तोच सगळ्यांना पळवून लावतो. अशाला आधी बादलीत किंवा जुन्या टबात वेगळे करावे आणि त्याच्या मनासारखे घर शोधावे. इथे पुष्कळ सहृदय माणसे एक चूक करतात. आता एवढ्या मोठ्या सकरला मारायचे कसे, म्हणून पोराबाळांना घेऊन तळ्यावर जातात आणि त्याला 'मोकळे' सोडून येतात. पुण्यकर्म केल्याचे समाधान मिळते. पण दक्षिण अमेरिकेतल्या या माशाला इथे शत्रू नाही, त्याच्या काटेरी कवचामुळे इथले शिकारी मासे त्याला गिळत नाहीत आणि तो भराभर वाढतो. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आता हे सकर येतात. ते जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवराची साफसफाई चालू असताना मगरीसारख्या जबड्याचा अॅलिगेटर गार सापडला. हा मासा उत्तर अमेरिकेचा. तो तिथे पोहत गेला नव्हता. आपल्याकडच्या दुकानांत त्याची वीतभर पिल्ले शोभेचे मासे म्हणून विकली गेली आहेत.

नको झालेला मासा विहिरीत, नदीत, गणपतीच्या तलावात कुठेही सोडू नये. बरेच दुकानदार मोठा झालेला मासा कमी किमतीत परत घेतात किंवा बदलून देतात, काही फुकट ठेवून घेतात. मोठी टाकी असलेले हौशी लोक प्रत्येक शहरात असतात आणि दुकानदाराला ते ठाऊक असतात. त्यामुळे मासा पिशवीत बांधला जात असतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. हा मोठेपणी केवढा होतो? आणि एवढा झाला की परत घ्याल का?